फुकट गाण्याचा जमाखर्च



आपल्या मंडळातल्या एका धाकट्या मैत्रिणीने मला विचारलं, "काकू, फोनवर एवढी गाणी, एवढे व्हिडिओ फुकट कसे काय बघायला मिळतात? कुणीतरी पैसे भरत असेलच ना?" मला बी.कॉम. होऊन चाळीस वर्षं उलटून गेली, पण 'फुकट' शब्द आला की माझे कान अजून टवकारतात. रोजमेळात फुकट नावाचं खातंच नसतं. एकाच्या नावे पडतं तेव्हाच दुसऱ्याच्या जमेला जातं. जाहिराती असतात हे खरं, पण तेवढ्याने हिशेब जुळत नाही. उरलेली रक्कम कुणाच्या नावे पडते ते शोधत गेले, थोडं वाचलं, थोडं मुलाला विचारलं, आणि फिरत फिरत येऊन थांबले ती चक्क जात्यापाशी. तो सगळा प्रवास आज सांगते.

आधी जुना हिशेब बघू. आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यात एकच रेडिओ होता, असं सासूबाई सांगत. १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं, तेव्हा वाड्यातली बिऱ्हाडं त्या रेडिओभोवती बसायची. गदिमांचे शब्द, बाबूजींच्या चाली, दर आठवड्याला एक नवं गीत, अशी ५६ गीतं. पुण्यातली वर्तमानपत्रं नव्या गीताचे शब्द छापायची, ते कापून वहीत चिकटवायचे. तेही गाणं लोकांना फुकटच वाटत असणार. पण रेडिओला परवाना लागायचा आणि त्याचे पैसे दर वर्षी पोस्टात भरायचे. १९८० च्या दशकात तो परवाना रद्द झाला. कॅसेटला तर दुकानात रोख मोजावे लागायचे. सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे दूरदर्शन घरात आलं आणि 'छायागीत' दिसायला लागलं, त्याआधी टीव्हीचा खर्च झालाच होता. म्हणजे आपल्या पिढीला गाण्याची किंमत कुठल्या ना कुठल्या पावतीवर दिसत होती.

एक गाणं मात्र असं होतं की त्याची पावती कधीच कुणी फाडली नाही. जात्यावरची ओवी.

आपल्यापैकी पुष्कळ घरांत जातं अजून अडगळीत गेलेलं नाही. मुनिमहाराजांच्या चौक्यासाठी पीठ घरीच दळायचं असतं, तेव्हा जातं निघतं. पण ओवी? माझ्या आजीला येत होत्या. आईला अर्ध्यामुर्ध्या. मला चाल आठवते, शब्द नाहीत. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या. बायकांचे खांदे सुटले हे फार चांगलं झालं (पहाटे उठून पायली-पायली दळण्याचं कौतुक करणाऱ्यांनी एकदा स्वतः दळून बघावं). पण गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजात ओवी कोण म्हणणार?

हे पुण्यातल्या दोघांच्या वेळेत लक्षात आलं. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे पण पुण्याचेच झालेले गी पॉइटव्हाँ. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात या दोघांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून ओव्या ऐकून लिहून घ्यायला सुरुवात केली. मुळशी, मावळ इथल्या डोंगरातल्या गावांत कार्यकर्त्या स्वतःच जाऊन बसायच्या. हळूहळू काम मराठवाड्यापर्यंत गेलं. सुमारे वीस वर्षांत १,१०७ गावं झाली, ३,३०२ गाणाऱ्या झाल्या आणि १,१०,००० हून जास्त ओव्या जमल्या. एक लाख दहा हजार! आपण मंडळात पन्नास स्तवनांची वही केली तर किती मिरवतो.

या ओव्यांत काय नाही? सीता आहे, पंढरपूर आहे, भाऊ आहे, माहेरची वाट आहे, नवऱ्याचा मार आहे, बाबासाहेब आंबेडकर आहेत. बाई जे घरात कुणाजवळ बोलू शकत नव्हती ते जात्याजवळ बोलत होती. आणि जातं चुगली करत नाही.

१९९० च्या दशकात बर्नार्ड बेल नावाचे फ्रेंच संशोधक या कामात आले. त्यांनी संगणकावर ओव्यांची सूची बांधली आणि सुमारे १२० तासांचं ध्वनिमुद्रण झालं, चार हजारांवर ओव्यांचं. या बेल यांची आधीची गंमत सांगते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला लखनौच्या तबलजींचे कायदे आणि पलटे समजून घेण्यासाठी त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर संगणकाचा एक प्रोग्राम तयार केला. त्याचं नाव 'बोल प्रोसेसर'. बोल म्हणजे आपले तबल्याचे बोल. तो प्रोग्राम आज सगळ्यांसाठी खुला आहे, कुणीही उतरवून घ्यावा, आत काय लिहिलंय ते बघावं, हवा तसा बदलावा. यालाच 'ओपन सोर्स' म्हणतात, मराठीत मुक्त स्रोत.

मला ही कल्पना समजायला ओवीच उपयोगी पडली. पहिली ओळ कुणीतरी केलेली असते. दुसरी बाई ती उचलते, आपल्या भावाचं नाव घालते, दुसरी ओळ बदलते. तिसरी ती सासरी घेऊन जाते. कुणी कुणाची परवानगी घेत नाही, पण कुणी "ही माझीच, तुम्ही म्हणायची नाही" असंही म्हणत नाही. मुक्त स्रोताचं काम करणारे लोक प्रोग्रामच्या बाबतीत हेच करतात. फरक एवढाच की ते प्रत्येक बदलाखाली कुणी केला आणि कधी केला हे लिहून ठेवतात. ओवीत ते राहून गेलं होतं.

पॉइटव्हाँ २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये. असा संग्रह माणसं गेल्यावर कपाटात बंद होतो, पुण्यात अशी कपाटं किती तरी आहेत. पण इथे तसं झालं नाही. पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये 'पारी' नावाचं ग्रामीण भारताचं इंटरनेटवरचं भांडार सुरू केलं. २०१७ मध्ये तिथे या ओव्या यायला लागल्या. लिहिलेली ओवी, तिचा अनुवाद, जुनी ध्वनिफीत, आणि पुढे चक्क व्हिडिओ. पारीची माणसं जुन्या गावांत परत गेली, ज्या गाणाऱ्या हयात होत्या त्यांना शोधलं आणि गाताना त्यांचं चित्रण केलं. वीस वर्षांपूर्वी नुसता आवाज होता, आता तिचा चेहरा आहे, हात आहे, जात्याचा खुंटा आहे.

आणि माझ्यातल्या हिशेबनीसाला सगळ्यात सुखावणारी गोष्ट ही, की गाणाऱ्या बाईची नोंद केलेली असते. नाव, गाव, तालुका, जिल्हा, वय, मुलं किती, काम काय, मुद्रण कोणत्या तारखेला. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे, १९९६ साली मुद्रित झालेला आवाज. सिनेमाच्या गाण्यात मागे कोरसला गाणाऱ्या बायकांचं नाव आपल्याला कधी तरी कळलं का?

आता त्या व्हिडिओकडे जरा कारखान्यात शिरून बघतात तसं बघू, कारण आपल्या मैत्रिणीचा प्रश्न तिथे दडलाय.

व्हिडिओ म्हणजे एका सेकंदाला पंचवीस-तीस फोटो. फोनच्या चांगल्या दर्जाचा एक मिनिटाचा व्हिडिओ आहे तसा साठवायचा म्हटला तर सुमारे ११ जीबी होतो. मी गुणाकार स्वतः करून पाहिला. एवढा धोंडा कुणाच्या फोनवर येणार? म्हणून तो आवळतात. युक्ती अशी: बाई दळतेय, तर मागची भिंत तीच आहे, जातं तेच आहे, हलतो तो फक्त खुंट्यावरचा हात. मग भिंत परत परत कशाला लिहायची? पहिल्या चित्रात एकदा लिहायची, पुढे फक्त काय बदललं ते लिहायचं. खतावणीत मागील बाकी पुढे ओढतो, अगदी तसंच.

हे आवळण्या-उलगडण्याचं काम जगात सगळ्यात जास्त ज्या प्रोग्रामकडून होतं त्याचं नाव एफएफएमपेग. फाब्रिस बेलार या फ्रेंच माणसाने २००० साली तो सुरू केला. मग जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली, बहुतेकांनी फावल्या वेळात, पगाराशिवाय. यूट्यूबसारख्या प्रचंड कंपन्यांपासून लग्नाचे व्हिडिओ जोडणाऱ्या गल्लीतल्या मुलापर्यंत सगळे कळत-नकळत त्यावर उभे आहेत.

व्हिडिओ पानावर दिसतो कसा, हीही एक लढाईच होती. २००५ साली यूट्यूब सुरू झालं तेव्हा फ्लॅश नावाचा एक जोडप्रोग्राम लागायचा, तो एका कंपनीच्या मालकीचा. तो नसला की गाण्याच्या जागी करडा चौकोन. तुमच्याही संगणकावर तो चौकोन आलेला असेल. २००७ मध्ये नॉर्वेच्या ऑपेरा कंपनीने सुचवलं की व्हिडिओ ही फोटोसारखी वेबपानाचीच गोष्ट असावी, मध्ये कुणाचा जोडप्रोग्राम नको. त्यावर वर्षानुवर्षं भांडणं झाली, कारण आवळण्याच्या चांगल्या पद्धतींवर पेटंट होती आणि त्यांचे पैसे मागितले जात होते. म्हणून बिनपैशाच्या खुल्या पद्धती तयार झाल्या. २०१८ मधली एव्ही-वन ही त्यातली अलीकडची. २०१५ च्या जानेवारीत यूट्यूबने फ्लॅश बाजूला ठेवलं आणि ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश कायमचं मिटलं. आपल्या फोनमधलं क्रोमसुद्धा ज्या इंजिनावर चालतं त्याचं मूळ १९९० च्या दशकातल्या केडीई नावाच्या हौशी प्रोग्रामरांच्या गटाच्या कामात आहे. आडनाव बदललं, पण माहेर तेच.

आता पुण्याचा भाग. व्हिडिओ दिसला, पण खाली ओवी मराठीत दिसायला हवी की नको? पंचवीस वर्षांपूर्वी मराठी पान उघडलं की चौकोनांची रांगोळी दिसायची. प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा, एकाचं दुसऱ्याला वाचता येत नसे. रेड हॅट या कंपनीने २००४ च्या सुमारास 'लोहित' नावाचे भारतीय भाषांचे फॉन्ट सर्वांना मोकळे करून दिले. हे फॉन्ट पुरवले होते पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने. लोहित म्हणजे तांबडा, रेड हॅटमधला रेड. २०११ मध्ये त्यांचा परवाना आणखी मोकळा झाला. मराठीचा ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचा असतो, आणि 'वाऱ्यावर', 'सुऱ्या' यांतला अर्धा ऱ हिंदीवाल्यांना लागतच नाही. हे कुणीतरी बसून, एकेक जोडाक्षर तपासून करावं लागतं. आमच्या नारायण पेठेला हे काम ओळखीचं आहे. टिळकांनी १९०५ साली गायकवाड वाडा विकत घेतला, तोच आजचा केसरीवाडा. देवनागरी छपाईचे शेकडो खिळे कमी कसे करता येतील यावर टिळकांनी बरंच डोकं घातलं होतं. तेव्हा शिशाचे खिळे होते, आता संगणकातले आहेत.

आणि गाण्यांचे शब्द? 'आठवणीतली गाणी' हे स्थळ तुम्ही सगळ्या जणी वापरता. २००३ पासून चालू आहे, नफ्यासाठी नाही. कवी, संगीतकार, गायक, राग, सगळं नीट नोंदलेलं. गीतरामायणाची कात्रणं वहीत चिकटवणाऱ्या सासूबाईंना ते दाखवायला हवं होतं.

तर मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर हे: जाहिरातीच्या पैशातून जे भागत नाही ते अशा लोकांच्या नावे पडतं. त्यांच्या रात्री, त्यांचे रविवार.

२०२४ च्या जानेवारीत हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमधून एक अभ्यास आला. त्यांनी विचारलं, मुक्त स्रोतातले सगळ्यात जास्त वापरले जाणारे प्रोग्राम पुन्हा एकदा लिहायचे तर खर्च किती? उत्तर आलं सुमारे ४१५ कोटी डॉलर. आणि ते मुळी नसतेच, प्रत्येक कंपनीला आपापले लिहावे लागले असते, तर? ८.८ लाख कोटी डॉलर. यातली ९६ टक्के किंमत फक्त ५ टक्के प्रोग्रामरांच्या कामातून आली आहे. मी आकडे दोनदा वाचले. दुनियेचा एवढा मोठा डोलारा, आणि त्याच्या ताळेबंदात ही रक्कम कुठेच नाही.

कॉलेजात अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी पिगू नावाच्या इंग्रज पंडिताचं उदाहरण दिलं होतं. एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी स्वयंपाकिणीशी लग्न केलं तर देशाचं उत्पन्न कमी होतं, कारण काम तेच राहिलं तरी पगार थांबला. वर्ग हसला होता. आम्ही मुली जरा कमी हसलो होतो. सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात असं दिसलं, आणि पुरुष ८८. २८९ मिनिटं म्हणजे पावणेपाच तासांहून थोडं जास्त, पगार शून्य. त्यामुळे एफएफएमपेगवाल्या मुलांची तक्रार मी वाचली तेव्हा मला ती परकी वाटली नाही.

तक्रार अशी. २०२५ मध्ये गूगलच्या कृत्रिम बुद्धिमत्तेने एफएफएमपेगमध्ये चुका शोधून काढल्या. त्यातली एक तर १९९५ सालच्या एका व्हिडिओ गेमची चित्रफीत उलगडण्याच्या भागात होती, जी आज जगात मोजकी माणसं बघत असतील. चुका जाहीर करण्याची मुदतही ठरलेली. स्वयंसेवक म्हणाले, चुका दाखवता तर दुरुस्तीला हात द्या, नाहीतर पैसे द्या. आपल्याकडे जेवायला बसल्यावर "मीठ कमी आहे" म्हणतात पण मिठाची वाटी उचलून आणत नाहीत, तसंच की हे. समोरच्यांचंही ऐकायला हवं: चूक दडवून ठेवली तर चोराचं फावतं. पण मीठ आणायला कोण उठणार, हा प्रश्न राहतोच.

थोडं बरं चित्रही आहे. जर्मन सरकारच्या निधीतून २०२४ मध्ये एफएफएमपेगला दीड लाख युरोंच्या वर मदत मिळाली. आणि शेअर बाजारात खातं असलेल्यांना झिरोधा माहीत आहे. त्या कंपनीने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मुक्त स्रोतासाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला आणि २०२५ मध्ये त्यातले १ लाख एफएफएमपेगला दिले. भारतातून गेलेले पैसे! मला तरी अभिमान वाटला.

दुसरीकडे, याच पडद्यावर पैसा मिळवणारेही आहेत आणि मिळवावाच. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं 'गुलाबी साडी' २०२४ मध्ये आलं. मागे सिनेमा नाही, तरी नातींपासून आज्यांपर्यंत सगळ्या गुलाबी नेसून नाचल्या. (नारायणपेठी साडी आमच्या पेठेची नव्हे हो, ती तेलंगणातल्या नारायणपेटची. हे मला वर्षातून चार वेळा सांगावं लागतं.) गाणं करणाऱ्याला त्याचा मोबदला मिळाला पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

गोंधळ होतो तो बिनमालकीच्या गाण्यात. आमच्या मंडळाने महावीर जयंतीला पाळणा म्हटला, आजीच्या आजीपासून चालत आलेला, आणि त्याचा व्हिडिओ एका स्थळावर चढवला. दोन दिवसांत एका संगीत कंपनीचा दावा आला की ही चाल आमची. त्यांनी तोच पाळणा कधीतरी कुणाकडून तरी गाऊन घेतला होता, म्हणून यंत्राने जुळवून टाकलं. आम्ही आक्षेप लिहिला, काही आठवड्यांनी दावा उठला. पण तेवढ्या दिवसांत सत्तर वर्षांच्या आमच्या मुख्य गाणाऱ्या बाई "आपण चोरी केली का गं?" असं विचारत राहिल्या. ते मला फार लागलं.

म्हणूनच ओव्यांच्या त्या नोंदीचं महत्त्व मला पटतं. नाव, गाव, तारीख लिहून ती उघड्यावर ठेवली की उद्या कुणी दावा सांगितला तर पुरावा असतो. पारीवरच्या ओव्या कुणीही ऐकू शकतं, पैसे न देता, खातं न काढता.

तुमच्या घरी, माहेरी, शेजारी अजून ओवी, पाळणा, लग्नातली गाणी म्हणणारं कुणी असेल तर या चातुर्मासात फोन समोर ठेवून म्हणून घ्या. आवाज कापरा असला तरी चालेल, मध्ये कुकरची शिट्टी झाली तरी चालेल. मात्र सुरुवातीला त्यांच्या तोंडून त्यांचं नाव, माहेरचं गाव, सासरचं गाव आणि गाणं कुणाकडून शिकल्या ते वदवून घ्या. तारीख तिथीने सांगितली तरी हरकत नाही, फक्त वीर संवत सांगायला विसरू नका.